शुद्धिपत्र

जुन्या मराठी पुस्तकाची शेवटची पाने उलटून पाहण्याची मला सवय आहे. तिथे बहुधा एक तक्ता सापडतो. कधी तो पुस्तकात बांधलेला असतो, तर कधी चिठ्ठीसारखा नुसता आत सरकवलेला. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने आणि वर मथळा : शुद्धिपत्र. वाचक तो वाचत नाहीत आणि समीक्षक त्याची दखल घेत नाहीत. मात्र ‘माझे चुकले’ हे ग्रंथकाराने ठिकाणासह कबूल करण्याची मराठी गद्यात तीच एक ठरलेली जागा आहे.

मी राहतो त्या छत्रपती संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटरवर आहे. तिथे हाच शब्द अगदी वेगळ्या अर्थाने येतो. परंपरेनुसार निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही भावंडे पैठणला आली ती शुद्धिपत्र मागायला. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात परतले. हा झाला त्यांचा दोष. त्याचे प्रायश्चित्त म्हणून आईबापांनी देह ठेवला, तरीही मुलांवरचा बहिष्कार उठला नाही. पैठणच्या ब्रह्मवृंदाचे पत्र आणा, मग पाहू, असे आळंदीकरांनी सांगितले. त्या पत्राचा म्हणून जो मजकूर दाखवला जातो त्याच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांना शंका आहेत. ही कथा मात्र सातशे वर्षे महाराष्ट्राच्या मनात आहे.

दोन्हींना नाव एकच, पण दिशा उलट. ज्यांनी काही केले नाही त्यांनी इतरांकडून मागून आणायचे ते एक शुद्धिपत्र. ज्याने चूक केली त्याने स्वतःच्या हाताने लिहायचे ते दुसरे. आपली चूक पदरात घेणे या विषयावर मराठी वाङ्मयात काय सापडते याचा शोध घेताना या दोन कागदांमधले अंतर मला सतत जाणवत राहिले. हा लेख त्याच शोधाबद्दल आहे. त्यात माझाही एक हिशोब आहे, तो पुढे येईल.

भाषेपासून सुरुवात करू. चूक सांगण्याच्या मराठीत कितीतरी तऱ्हा आहेत. ‘मी चूक केली’ असे आपण क्वचितच म्हणतो. ‘माझ्या हातून चूक झाली’ म्हणतो, म्हणजे केली ती हाताने. ‘माझं चुकलं’ म्हणतो, तेव्हा क्रियापद नपुंसकलिंगी होऊन कर्ता अर्धा पडद्याआड जातो. छापील मजकुराच्या बाबतीत तर दोषासाठी आपण एक राक्षसच नेमून ठेवला आहे. विशाखदत्ताच्या नाटकाचे नाव उचलून आपण ‘मुद्राराक्षस’ म्हणतो आणि खिळे जुळवणाऱ्यावर सगळे ढकलून मोकळे होतो. प्रस्तावनेच्या शेवटी ‘काही त्रुटी राहिल्या असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे’ असे वाक्य येते, तेही ‘असल्यास’ या शब्दावर उभे असते. सार्वजनिक जीवनातली ‘कुणाची मने दुखावली असल्यास दिलगिरी’ ही याच वाक्याची धाकटी बहीण. या दिलगिरीला ना पृष्ठ असते ना ओळ.

याच भाषेत व्यापाऱ्यांनी घडवलेला एक प्रामाणिक मसुदाही आहे. हिशोबाच्या कागदाखाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहायची पद्धत होती, म्हणजे चूकभूल द्यावी घ्यावी. हिशोब माझा असला तरी तो तपासण्याचा हक्क तुमचा, आणि चूक सापडली तर रक्कम फिरेल, हे त्यात गृहीत आहे. वाट चुकणे, भेट चुकवणे आणि देणे चुकते करणे हे तिन्ही प्रयोग मराठीत शेजारी शेजारी नांदतात. व्युत्पत्तीने ते एकच आहेत असा माझा दावा नाही. पण चुकणे, चुकवणे आणि चुकते करणे हा क्रम माणसाच्या वागण्यातही बहुधा तसाच येतो.

आता ग्रंथांकडे वळू. पुन्हा पैठणच. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे मध्ये सुमारे तीनशे वर्षे गेली होती. अखेरीस जोडलेल्या ओव्यांत त्यांनी आपली भूमिका सांगितली आहे. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरांमुळे तो बिघडला, म्हणून शोधून शुद्ध केला. यापुढे कुणी त्यात स्वतःची ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल. मराठीतले पाठसंशोधन इथून सुरू होते असे म्हटले जाते, आणि ते खरे आहे. पण संशोधकाच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट खटकते. नाथांनी काय दुरुस्त केले हे आपल्याला कळत नाही. त्यांनी बाजूला सारलेले पाठ कोणते आणि ते का सारले याची नोंद त्यांनी मागे ठेवली नाही. ग्रंथ शुद्ध झाला, पण त्याचे शुद्धिपत्र राहिले नाही. सोळाव्या शतकातल्या संताकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, हे मला कळते. दोष नाथांचा नव्हे. पुढे दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाला मात्र त्यांची ही पद्धत सोयीची वाटली.

गोदावरीच्याच खोऱ्यात दुसरी एक पद्धत होती. चक्रधरांचा वावर पैठण, वेरूळ या परिसरात होता. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्रात गोळा केल्या. त्यासाठी ज्याने पाहिले किंवा ऐकले त्याला जाऊन विचारण्याचा मार्ग त्यांनी धरला. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली, असे पंथाची परंपरा सांगते. मग शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली. साहजिकच आठवणींमध्ये फरक पडले. महानुभावांनी त्यातली एक आठवण खरी ठरवून बाकीच्या पुसल्या नाहीत. ‘वासना’ या नावाने त्यांनी पाठभेद नोंदवून ठेवले : एका वासनेप्रमाणे असे घडले, दुसऱ्या वासनेप्रमाणे तसे. काही ठिकाणी ‘शोधु’ म्हणून जास्तीची माहिती जोडली. ज्या ग्रंथावर पंथाची श्रद्धा उभी आहे त्याच ग्रंथात, आपली स्मृती चुकू शकते हे लिहून ठेवायला मोठे बळ लागते. चुकीची जबाबदारी घेणे म्हणजे नुसता पश्चात्ताप करणे नव्हे. पुढच्या माणसाला आपली चूक तपासता येईल अशी सोय करून ठेवणेही त्यात येते. हे मी आधुनिक संशोधनपद्धतीच्या पुस्तकांआधी या पोथ्यांतून शिकायला हवे होते. तसे झाले नाही.

याच पंथाच्या बाबतीत मराठीने एक मोठी चूक केली आहे. ‘मानभावी’ हा शब्द आपण दांभिक या अर्थाने सहज वापरतो. महानुभाव या नावाचेच ते विटंबित रूप. पंथाविषयीच्या शतकांच्या गैरसमजाचा गाळ या शब्दात साचला आहे. पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद होते. १८९८-९९ मध्ये वि. ल. भावे यांचे ‘महाराष्ट्र सारस्वत’ प्रथम मासिकातून प्रसिद्ध झाले तेव्हा हे वाङ्मय मराठी अभ्यासकांना जवळजवळ अज्ञातच होते. पुढे राजवाडे, भावे यांनी या लिप्यांचे कोडे सोडवले आणि १९१९ च्या आवृत्तीत भाव्यांनी आपला इतिहास नव्याने मांडून महानुभावांना त्यात जागा दिली. अजाणतेपणी राहिलेली उणीव कळल्यावर आपला उभा इमला मोडून पुन्हा बांधणे याला मी थोरपण म्हणतो. त्याच ग्रंथाला नंतर शं. गो. तुळपुळे यांनी पुरवणी जोडली. भाव्यांचे लेखन त्यांनी तसेच राहू दिले आणि नवे काय हाती आले ते वेगळे सांगितले. त्यामुळे कोणते ज्ञान कधीचे हे वाचकाला दिसते. वाङ्मयेतिहास असा सुधारला, पण शब्दकोशातला ‘मानभावी’ आहे तिथेच आहे. त्याचे शुद्धिपत्र अजून कुणी छापलेले नाही. आपण रोज तो शब्द वापरतो तेव्हा ती चूक आपली प्रत्येकाची असते.

माझ्या शहराच्या आजच्या नावातही अशीच एक दुरुस्ती दडलेली आहे. संभाजीराजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी मल्हार रामराव चिटणीस यांनी बखर लिहिली. त्यांच्या घराण्यातले बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनी देहान्त शासन दिले होते, हे लक्षात ठेवून ती वाचायला हवी. तसे न वाचता इतिहासकारांनी आणि नाटककारांनी व्यसनी, बेजबाबदार राजाचे चित्र पुढे चालवले. वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षे कागदपत्रे धुंडाळली आणि १९६० मध्ये चरित्र प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. या दोघांनी कोणत्या पानावर, कोणत्या आधाराने, काय चुकले होते ते दाखवले. नुसता गौरव करणे सोपे असते. अशुद्धाच्या समोर शुद्ध मांडायला आयुष्य लागते. जुन्या लेखकांच्या नावाने आज जो राग व्यक्त होतो त्यात बेंद्र्यांची चिकाटी क्वचित दिसते. पुस्तकातली चूक दुरुस्त व्हायची असेल तर ते पुस्तक आधी वाचावे लागते.

इथवर मी इतरांच्या चुकांबद्दल लिहिले. समीक्षकाला ते सोपे जाते. आता माझी चूक.

१९९१ च्या सुमारास मी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मराठी भाषेच्या इतिहासावर एक छोटे पुस्तक लिहिले. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायथ्याशी असलेला लेख शके ९०५, म्हणजे इ. स. ९८३ चा असून तेच मराठीतले पहिले वाक्य होय, असे मी त्यात निःशंकपणे लिहिले. हे विधान मी एका जुन्या पुस्तकातून घेतले होते. खरे तर त्या लेखात दोन ओळी आहेत. पहिली चावुंडराजाची आणि दुसरी गंगराजाची. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातला. अक्षरांचे वळण पाहता पहिली ओळही दुसरीबरोबरच कोरली गेली असावी, असे अभ्यासकांनी दाखवले होते. तुळपुळ्यांचे ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ १९६३ पासून उपलब्ध होते. त्यांनी अलिबागजवळच्या आक्षीचा लेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा म्हणून पुढे मांडला होता. त्या वाचनावरही मतभेद आहेत. पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या शके ९४० च्या लेखाची चर्चा झाली. सांगायचे ते एवढेच की हा प्रश्न खुला होता आणि मी तो बंद करून विद्यार्थ्यांच्या हाती दिला. तुळपुळ्यांचा ग्रंथ मी बसायचो त्या ग्रंथालयातच होता. मी तो उघडला नव्हता.

पाचेक वर्षांनी एका विद्यार्थिनीने आपल्या लघुप्रबंधात माझे विधान जसेच्या तसे घेतले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला त्या तारखेवर धरले. तिने नम्रपणे सांगितले, ‘सरांच्या पुस्तकात आहे.’ मी तिथेच बसलो होतो. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, ‘विद्यार्थ्यांनी मूळ साधने पाहायला हवीत.’

वाक्य बरोबर होते, म्हणून ते माझ्या जिभेवर इतक्या सहज आले. तिला लघुप्रबंधाचा तो भाग पुन्हा लिहावा लागला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी तारीख बदलली आणि आक्षीचा लेख घातला. प्रस्तावनेत एक अक्षरही लिहिले नाही. शुद्धिपत्राची चिठ्ठी पहिल्या आवृत्तीच्या उरलेल्या प्रतींत घालावी असे क्षणभर मनात आले होते, पण ‘कोण वाचतं ते’ असे स्वतःलाच सांगून मी तो विषय संपवला. म्हणजे दुरुस्ती केली, पण गुपचूप. जुन्या आवृत्तीवरून अभ्यास केलेल्या मुलांना चूक कोणाची हे कधी कळलेच नाही, आणि नव्या आवृत्तीच्या वाचकांना मी कधी चुकलोच नव्हतो असे वाटले.

निवृत्तीनंतर आत्मचरित्रांवर लिहिण्यासाठी मी दया पवारांचे ‘बलुतं’ पुन्हा वाचायला घेतले. १९७८ साली ते आले तेव्हा त्यातल्या जातवास्तवाने आम्ही हादरलो होतो. त्याच्या रचनेकडे माझे लक्ष तेव्हा गेले नव्हते. दगडू मारुती पवार दया पवारांना आपली हकिगत सांगतो, अशी ती मांडणी. सांगणारा आणि ऐकणारा एकच आहे आणि तरी दोन आहेत. या फटीमुळे लेखकाला दोन हिशोब वेगळे ठेवता येतात. गावाने, जातीने आणि भुकेने दगडूवर जे लादले ते एका बाजूला. पहिल्या बायकोवर घेतलेला संशय आणि तिला सोडून देणे यांत जे त्याचे स्वतःचे आहे ते दुसऱ्या बाजूला. पहिल्या खात्यातली रक्कम दाखवून तो दुसरे खाते माफ करून घेत नाही. दुसऱ्या खात्याच्या लाजेने पहिल्यातला अन्यायही तो सौम्य करत नाही. आपल्या माणसांचे उणे चव्हाट्यावर आणले म्हणून त्या काळी त्यांना घरच्यांची बोलणीही ऐकावी लागली.

मला वाटते, ‘बलुतं’चे नैतिक वजन या दोन खात्यांत आहे. पैठणला शुद्धिपत्र मागायला लावणारी व्यवस्था तीच होती : न केलेल्या गोष्टीचा डाग जन्मापासून कपाळी मारणारी. त्या व्यवस्थेकडे दगडू पत्र मागत नाही. जे आपले आहे तेवढे मात्र तो स्वतः लिहून देतो. ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या चुका लादल्या गेल्या त्याने आपली चूक नेमकी उचलावी, आणि ज्याच्यावर कुणी काही लादले नाही अशा मी ती एका मुलीच्या अंगावर टाकून बसावे! पुस्तक मिटून मी बराच वेळ तसाच बसलो.

मग मी तिला पत्र लिहिले. ती आता एका तालुक्याच्या गावी शिकवते. तारखेची चूक माझी होती, तुळपुळ्यांचा ग्रंथ मी पाहिला नव्हता, दुसऱ्या आवृत्तीत ती गुपचूप बदलली, हे सगळे लिहिले. संशोधकाला शोभेल असे पत्र होते ते, आणि मी स्वतःवर थोडा खूशही होतो.

तिचे उत्तर छोटे होते. तारखेचे तिला फारसे काही वाटले नव्हते. ती तेव्हाच दुरुस्त झाली. ‘सर, तुम्ही ते वाक्य बोललात आणि मग खिडकीबाहेर बघत बसलात, ते मात्र राहिलं,’ असे तिने लिहिले होते. शेवटी हेही होते की ती आपल्या विद्यार्थ्यांना माझ्या पुस्तकाच्या दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचायला देते आणि फरक शोधायला सांगते. फरक सापडला की पुढचा प्रश्न असतो : हे बदलल्याचं लेखकाने कुठे सांगितलं आहे?

माझे शुद्धिपत्र चुकले होते. पृष्ठ चुकीचे, ओळ चुकीची. मी पुस्तकातल्या तारखेची कबुली दिली होती. खरी चूक त्या खोलीत झाली होती आणि ती छापलेली नसल्यामुळे मला दिसली नाही. चूक केली त्याला चुकीची जागा एकट्याने ठरवता येत नाही, ज्याला ती लागली त्याला विचारावे लागते. ‘चू. भू. द्या. घ्या.’मधला ‘घ्या’ मला तेव्हा कळला. म्हाइंभट प्रत्येक आठवणीसाठी ज्याने पाहिले त्याच्यापर्यंत का जात, हेही कळले.

तिने माफ केले की नाही ते पत्रात नाही आणि मी विचारले नाही. तेही एक प्रकारे पैठणला जाऊन पत्र मागणेच झाले असते. तिच्या वर्गात माझी चूक उपयोगी पडते आहे, ती तिच्या कर्तबगारीने. तिचे श्रेय मला घेता येणार नाही.

माझ्या वाट्याला एक लहान काम उरते. ते या पानावर, छापील स्वरूपात करायचे आहे, कारण चूक झाली तेव्हा साक्षीदार होते.

स्थळ : तोंडी परीक्षेची खोली. ओळ : परीक्षकांच्या प्रश्नानंतरची. अशुद्ध : ‘विद्यार्थ्यांनी मूळ साधने पाहायला हवीत.’ शुद्ध : ‘ही चूक माझी आहे. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.’